'चालू गुणोत्तर' यातलं 'चालू' कुठलं?

वागळेकर:
पुतण्या बारावी कॉमर्सला आहे, मराठी माध्यम. काल पुस्तपालनाचं पुस्तक घेऊन शेडवर आला आणि म्हणाला, "काका, चालू गुणोत्तर असतं, मग बंद गुणोत्तरही असतं का?" हसलो, पण उत्तर जमेना. वागळे इस्टेटीत वीस वर्षं मशीनशॉप चालवतोय. सीए आणि बँकवाले 'करंट रेशो' म्हणतात, मीही तेच म्हणतो. चालू मालमत्ता भागिले चालू देणी, हे पोराला पाठ आहे. प्रश्न शब्दाचा आहे. आमच्याकडे चालू म्हणजे एकतर सुरू असलेलं मशीन, नाहीतर बेरकी माणूस. इथलं कुठलं?

रबाळेकर:
दोन्ही नाही. चालू महिना, चालू बाकी, यातलं चालू. म्हणजे या घडीचं. ताळेबंदातली ही 'घडी' साधारण बारा महिन्यांची असते. वर्षभरात ज्याचे पैसे होणार ती चालू मालमत्ता, वर्षभरात जे चुकतं करायचं ते चालू देणं. म्हणून एकाच कर्जाचे दोन तुकडे पडतात: मशीनसाठी पाच वर्षांचं कर्ज घेतलं असेल, तर पुढच्या बारा महिन्यांचे हप्ते चालू, उरलेलं दीर्घ मुदतीचं.

नौपाडा:
मग सरळ 'अल्पमुदती गुणोत्तर' म्हणायचं होतं की.

कॅशक्रेडिट:
जीभ वळायला हवी ना! जुने व्यापारी 'येणी-देणी' म्हणत, पण त्यात गोदामातला माल येत नाही.

बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबण लावतो. पुस्तकात 2:1 आदर्श असतं. आम्ही 1.33 बघायचो. तो आकडा टंडन समितीच्या (बँकांनी धंद्याला खेळतं भांडवल किती द्यावं, हे सुचवणारी रिझर्व्ह बँकेची समिती) दुसऱ्या पद्धतीतला, 1975 च्या सुमाराचा. एकूण चालू मालमत्तेचा चौथा हिस्सा मालकानं दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा करायचा. म्हणजे 100 च्या मालमत्तेला देणी 75. भागून बघा.

शब्द खरा फसवतो तो मालापाशी. एकदा तळोज्याला एका कारखान्याच्या पाहणीला गेलो होतो. कागदावर चालू मालमत्ता 84 लाख, चालू देणी 42 लाख, बरोबर 2. शेडच्या मागं रॅकवर पितळी बुशची खोकी, वर बोटभर धूळ, चिठ्ठीवर कधीच बंद पडलेल्या मॉडेलचा नंबर. हिशेबात त्यांची किंमत 24 लाख. ती वजा केली की 60 भागिले 42, म्हणजे 1.43. एकूण माल 51 लाखांचा. तो सगळाच वगळला तर 0.79. माल वगळून काढतात त्याला पुस्तकात द्रुत गुणोत्तर म्हणतात, आणि ते निदान 1 तरी असावं असा रिवाज आहे. मालकाकडे रोकड होती तीन लाख आणि सात तारखेचा पगार पाच लाख. आपण बोलताना ज्याला 'पडून असलेला माल' म्हणतो, तो ताळेबंदात 'चालू'!

वागळेकर:
म्हणजे बेरकीपणाचा अर्थ अगदीच बाद नाही.

रबाळेकर:
तो 31 मार्चला दिसतो. समजा मालमत्ता 60 लाख, देणी 40 लाख, गुणोत्तर 1.5. आदल्या दिवशी बँकेतले 20 लाख पुरवठादारांना देऊन टाका. उरले 40 आणि 20, गुणोत्तर झालं 2. एप्रिलमध्ये पुन्हा उधारीवर माल उचला. आधीच एकच्या खाली असलेल्यानं मात्र या फंदात पडू नये, आकडा आणखी घसरतो. 40 भागिले 60 असेल आणि 20 फेडले, तर 0.67 चं 0.5 होतं.

नौपाडा:
याला मराठीत 'चालूगिरी' म्हणतात. शब्दकोशात घाला.

वागळेकर:
पुतण्याला 'चालू महिना' सांगितलं, लगेच पटलं. मग कॅशक्रेडिट यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तर तो उठून आमच्याच मागच्या रॅकवरच्या चिठ्ठ्या वाचायला लागला. त्याला चहा आणायला पिटाळलंय.