मदत हवी आहे : नातीशी फ्रेंचमध्ये मनातलं कसं बोलू?

नमस्कार मंडळी, मी नौपाड्यात, ठाण्याला राहते. लेक-जावई फ्रान्समध्ये लिऑनला असतात. नात तिथल्या बालवाडीत जाते. मराठी तिला कळतं, पण रुसली किंवा घाबरली की तोंडून फ्रेंचच येतं. अशा वेळी फोनवर नुसतं बघत बसायचं म्हणजे जीव तुटतो हो.

थोडं जमलंय. दुःखी असेन तर 'ज स्वी त्रिस्त'. पण भीती, भूक, झोप आली की सुरुवात 'जे'ने : 'जे प्यर', 'जे फँ', 'जे सोमेय'. खूश असलेला मुलगा 'कोंताँ', मुलगी 'कोंतांत'. आठवण येते याला 'त्यू म मांक', हे तर तिला रोज म्हणते!

अडतं ते पुढे. 'का गं रडतेस?', 'कोण रागावलं?', 'ये, जवळ ये' हे लहान मुलांशी घरात बोलतात तसं कसं म्हणायचं? पुस्तकातली वाक्यं फार कोरडी वाटतात. ए-वन म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचं, उच्चार सावकाश ऐकवणारं काही माहीत आहे का? ठाण्यात कुणी संध्याकाळी तलावपाळीला भेटून सराव करून घेईल का? फी जरूर देईन. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिला तूसँची (सर्व संतांच्या सणाची) सुट्टी लागते, तेव्हा ती इकडे येणार आहे.