लग्नात हातानं केलेली एक गोष्ट : तुमचे अनुभव सांगा

वधूमाय_कोथरूड :
लेकीचं लग्न मार्गशीर्षात आहे. कार्यालय ठरलं, केटरर ठरला, दागिन्यांवरून एक भांडण होऊन मिटलंसुद्धा. आता सजावटीचं बघायचंय. डेकोरेटरनं मोबाईलवर साठ फोटो दाखवले आणि साठही लग्नांत तोच गोल, तीच गुलाबी फुलं, तेच निऑनमधलं इंग्रजी वाक्य. लेक म्हणाली, ‘आई, यातलं कुठलंही घे, कुणाचंही लग्न आहे असं वाटेल.’

म्हणून हा धागा. तुमच्या किंवा घरातल्या लग्नात हातानं केलेली, नाहीतर पाठपुरावा करून करवून घेतलेली एकच गोष्ट सांगा. किती दिवस लागले, कोण रुसलं आणि मुख्य म्हणजे आता ती वस्तू कुठे आहे? माझ्या लग्नातलं रुखवत माळ्यावर सव्वीस वर्षं आहे, म्हणून विचारते.

डांबरगोळी :
अंतरपाट. आजीच्या नऊवारीचा.

कल्पना माझी, पण कात्री आजीनं स्वतः चालवली. आई मध्ये पडायला लागली तर आजी म्हणाली, ‘मी गेल्यावर तुम्ही हिची पायपुसणी करणार, त्यापेक्षा आत्ता काप.’ जांभळी साडी, हिरवे काठ. ट्रंकेतून काढली तेव्हा वरून धडधाकट दिसत होती. उजेडात धरली तर प्रत्येक घडीवर विरलेली, आरपार बोट दिसत होतं. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली की रेशीम तिथेच जातं. त्यामुळे तुम्ही जुनी साडी वापरणार असाल तर आधी खिडकीसमोर धरून बघा, मगच नक्षीचं ठरवा. आम्ही मागून मांजरपाटाचं अस्तर लावलं आणि विरलेल्या रेघांवरच साखळी टाक्याची वेल काढली. लोकांना वाटलं डिझाईन आहे. ते खरं तर रफू होतं.

एक चूक झाली. साडीच्या पन्ह्याएवढीच उंची ठेवली आणि नवरा सहा फूट एक इंच, त्यात पाटावर उभा. पहिल्या मंगलाष्टकापासून तो वरून माझ्याकडे बघत होता. गुरुजींनी हात उंच करून धरला, तर खालून पाय दिसायला लागले. वर एक पट्टी जोडून घ्यायला हवी होती.

आता कुठे आहे? त्याची दोन दुपटी झाली. एक वापरून वापरून संपलं, एक आहे.

गागागा_ललगा :
मी वराची आत्या. मंगलाष्टकं मी रचली, म्हणजे रचावी लागली, कारण घरात मराठीची बाई मी एकटीच.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी सांगते. चाल सगळ्यांना येते, पण वृत्त शार्दूलविक्रीडित आहे. ओळीत 19 अक्षरं, बाराव्यावर थांबायचं. गण म स ज स त त आणि शेवटी एक गुरू. (गुरू म्हणजे लांब अक्षर, ‘गा’; लघू म्हणजे आखूड, ‘ल’; आणि तीन अक्षरांचा एक गण. म्हणून सुरुवात गागागा ललगा.) शब्द कमीजास्त झाले की गाणारी मुलगी कुठेतरी श्वास गिळते आणि सगळ्यांना कळतं.

आता गंमत ऐका. आमच्या चिरंजीवांचं नाव तीन लघू अक्षरांचं. या वृत्तात सलग तीन लघू सबंध ओळीत एकाच जागी येतात, नवव्या ते अकराव्या अक्षरावर. त्यामुळे नाव जिथे जिथे घेतलं तिथे तिथे नवरदेव नवव्या अक्षरावर हजर, हलता येत नाही. सूनबाईंचं नाव तीन गुरूंचं, ते ओळीच्या सुरुवातीला झकास बसतं. बसवलं. तर आमच्याच वहिनी मला बाजूला घेऊन म्हणतात, ‘मुलीचं नाव आधी आणि आपल्याचं नंतर, हे कसं काय?’ त्यांना गण समजावले. त्या म्हणाल्या, ‘मग वृत्त बदला.’

पंधरा दिवस लागले. आठ रचली आणि पाच म्हटली गेली. मुहूर्ताला दोन मिनिटं उरली तेव्हा गुरुजींनी घड्याळाकडे बोट दाखवलं. राहिलेली तीन माझ्या वहीत आहेत. त्यातलं सातवं सगळ्यात चांगलं झालं होतं, असं माझं मत.

पाटी_वाचक :
आमच्या कार्यालयाच्या दारात फुलांची पाटी होती. त्यात ‘विवाह’मधली वेलांटी दीर्घ. डेकोरेटर म्हणाला, ‘काका, पुढच्या लग्नाला दुरुस्त करतो.’ सदाशिव पेठेतल्या दोनशे पाहुण्यांपैकी किमान साठ जणांनी आहेराआधी मला ते सांगितलं. पाटीचा मजकूर स्वतः लिहून द्या, एवढाच अनुभव.

पुठ्ठा_आणि_फेविकॉल :
रुखवत. माझी बहीण, मी आणि दोन मावश्या.

आमच्याकडे रुखवतात शनिवारवाडा हवाच असा मामांचा हट्ट. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि मामांचा जुना वाडा (प्रत्येक भाचीच्या लग्नात नवीन रंग मारून निघणारा) बाद झाला. मग पुठ्ठ्याचा केला. बुरूज कागदी नळकांड्यांचे, दिल्ली दरवाजावरचे खिळे म्हणजे टूथपिकची टोकं, एकेक कापून चिकटवलेली. त्या एका दरवाजाला मावशीचे चार दिवस गेले. बोटांना फेविकॉलची साल निघत होती.

इतकं करून आम्ही चार दरवाजे केले. पुण्यातल्या पाहुण्यांसमोर! पहिल्या अर्ध्या तासात एक आजोबा आले, चष्मा वर केला, मोजले आणि म्हणाले, ‘पाचवा कुठाय?’ मामांनी तोंडातल्या तोंडात ‘मागच्या बाजूला आहे’ म्हटलं. आजोबा टेबलामागे जाऊन बघून आले.

पाचवा दरवाजा नंतर केला, कारण वाडा त्याच वर्षी सोसायटीच्या गणपतीत मागे उभा राहिला. अजून दर वर्षी राहतो. बाकीचं रुखवत, म्हणजे सुपारीचे गुरुजी, पापडाचं तुळशी वृंदावन वगैरे, उंदरांनी संपवलं. खायचे पदार्थ मात्र मुलाकडच्यांनी त्याच संध्याकाळी संपवले. मला वाटतं रुखवतात तेच जास्त ठेवावेत.

हिरवा_बांबू :
पाहुण्यांना द्यायला बुरूड आळीतून दीडशे लहान परड्या घेतल्या, प्लास्टिकच्या बॉक्सला पर्याय म्हणून. रंगवायला घरी आणल्या. हौसेनं लवकर आणल्या आणि पिशव्यांची तोंडं बांधून ठेवल्या. ओला बांबू, बंद पिशवी. आठ दिवसांनी उघडलं तर वास आणि आतून करडी बुरशी. सगळ्या गच्चीत पसरून उन्हात टाकल्या, ब्रशनं घासल्या, चाळीस फेकल्या. विणणाऱ्या मावशींना सांगितलं तर त्या हसल्याच. ‘वारा लागू द्यायचा ना गं.’ मग त्यांनीच नव्या चाळीस विणून दिल्या आणि वेळेत दिल्या. आता माझ्याकडे एक आहे, लसूण ठेवायला.

शिरोरेषा :
मी मुलगा आहे, म्हणजे नवरा होतो. इथे पुरुषांनी लिहिलेलं चालतं ना?

पत्रिका मोडीत लिहिली. मोडी शिकलो होतो, ती कुठेतरी वापरायची खुमखुमी होती. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात, हात शक्य तितका कमी उचलून. कॅलिग्राफीच्या निबनं अकरा कागद खराब केले तेव्हा बारावा छापण्यासारखा झाला. अप्पा बळवंत चौकाजवळ एकानं स्कॅन करून हातकागदावर छापून दिला.

कौतुक भरपूर झालं. वाचता कुणालाच आलं नाही. बाबांना तीन दिवस फोन येत होते, ‘पत्रिका मिळाली, लग्न कधी आहे?’ शेवटी आईनं देवनागरीत चिठ्ठी छापून आत घातली. मोडी वाचली ती फक्त नव्वदीतल्या एका चुलत आजोबांनी आणि त्यांनी माझ्या ‘म’ला नावं ठेवली.

तो बारावा कागद फ्रेम करून दारात लावलाय. कुरियरवाले विचारतात, ‘हे काय उर्दू आहे का?’

चाळीस_पानं :
आमचं नोंदणी लग्न. विशेष विवाह कायद्यानं तीस दिवस आधी नोटीस आणि त्या दिवशी तीन साक्षीदार, एवढंच. सजावटीला जागाच नव्हती. म्हणून दुपारी सासूबाईंच्या घरी चाळीस माणसांची पंगत जमिनीवर बसवली. पानं आदल्या संध्याकाळी मंडईतून. प्रत्येक पानाभोवती रांगोळी मी आणि नणंदेनं पहाटे पाचपासून काढली. टोक डावीकडे की उजवीकडे यावर दोन्ही घरांचा वाद, सासूबाई जिंकल्या, डावीकडे. प्रत्येक पानाखाली उखाण्याची चिठ्ठी, जेवण वाढून होईपर्यंत म्हणायची. मला आलेला असा :

मंडईत घेतली मेथी, तुळशीबागेत घेतली फणी,
—राव पार्किंग शोधतायत, नाव ऐकायला आहे का कोणी?

रांगोळी पहिल्या वाढपानंतर पुसली गेली. चिठ्ठ्या आहेत, आमटीच्या डागांसकट.

मोगरा_नाही_मिळत :
वधूमाय, मार्गशीर्ष म्हणताय म्हणून एकच. मोगऱ्याच्या गजऱ्यांवर बेत उभा करू नका, तो उन्हाळ्याचा. आमच्याकडे डिसेंबरात हट्टानं मागवला, आला तो मुका आणि किंमत विचारू नका. तुमच्या दिवसांत शेवंती असते, निशिगंध असतो. आम्ही धाकट्याच्या वेळी पहाटे मार्केट यार्डला जाऊन किलोवर शेवंती घेतली आणि सहा बायकांनी ओवली. मुंडावळ्या मात्र मोत्यांच्याच ठेवा, फुलांच्या टोचतात. नवरदेव अर्धा वेळ कपाळ खाजवत होता, सगळ्या फोटोंत तसाच आहे.

वधूमाय_कोथरूड :
सगळ्यांचं वाचलं, लेकीलाही दाखवलं. शेवंती नक्की. पाटीचा मजकूर मीच लिहून देणार. अंतरपाटाला माझा हिरवा शालू खिडकीसमोर धरला, घड्या धड आहेत. जावई पाच फूट सात, म्हणजे तिथेही वाचलो.

रुखवत नको म्हणाली. म्हणाली, ‘त्यापेक्षा तू मंगलाष्टक लिही.’ सकाळपासून भाजी चिरताना गागागा ललगा चाललंय. लेकीचं नाव बसलं. जावयांच्या नावात आधी लघू, मग गुरू, मग परत लघू आहे. गागागा_ललगा ताई, आहात का? हे सातव्या अक्षरावर बसेल की नाही?