प्लेअरवर ट्रॅक बदलताना तानपुरा तुटतो, गॅप कशी घालवायची?

विश्रामबाग_सांगली

नमस्कार मंडळी, बाबांसाठी विचारतोय. बाबा ७६ वर्षांचे आहेत, रोज पहाटे आमराईत फिरायला जातात आणि खिशात एक छोटा प्लेअर असतो, वायरचे हेडफोन लावून तासभर गाणं ऐकतात. मोबाईलवर ऐका म्हटलं तर नको म्हणतात, मधेच फोन येतो आणि गाणं थांबतं.

त्यांच्याकडं साठेक सीडी आहेत, सगळ्या शास्त्रीय, बहुतेक ख्यालच. त्या मी गेल्या वर्षी एका दुकानात देऊन १९२ केबीपीएसच्या एमपीथ्री फाईल करून घेतल्या. आता अडचण अशी की सीडीवर एकाच रागाचे दोन-तीन ट्रॅक पाडलेत, आधी संथ लयीतलं विलंबित, मग जलद द्रुत, कधी शेवटी तराणा, आणि सीडी प्लेअरवर लावलं की गाणं सलग चालतं, नुसता ट्रॅकचा नंबर बदलतो. या छोट्या प्लेअरवर मात्र विलंबित संपून द्रुत सुरू होताना तानपुरा टक्कन तुटतो, अंदाजे अर्धा सेकंद सामसूम, आणि परत सुरू. बाबा म्हणाले, कुणीतरी वाजत्या तानपुऱ्याच्या तारांवर हात ठेवल्यासारखं वाटतं. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

सेटिंगमध्ये सगळं बघितलं, गॅपलेस, म्हणजे ट्रॅक न तोडता सलग वाजवायचं, असं काही नाही. फाईलमध्ये दोष आहे की प्लेअरमध्ये? नवीन घ्यायचा तर पाच-सहा हजारांपर्यंत चालेल.

कराडकर८८

क्रॉसफेड आहे का बघा सेटिंगमध्ये, ३ सेकंद ठेवा, गॅप कळणारच नाही. माझ्या फोनवर मी तसंच करतो.

मिरज_तबला

क्रॉसफेड नको हो दादा, शास्त्रीय संगीताला अजिबात नको. क्रॉसफेड म्हणजे आधीच्या ट्रॅकचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात एकमेकांवर चढवायची. सिनेमाच्या गाण्यांना चालतं कारण ती वेगवेगळी असतात. इथं दोन्ही तुकडे एकाच गाण्याचे आहेत, तीन सेकंदांचा ठेका तीन सेकंदांच्या दुसऱ्या ठेक्यावर पडणार, दोन तबले एकदम वाजल्यासारखे ऐकू येणार आणि वर तेवढं गाणं कमी होणार ते वेगळंच.

गॅपचं पण तसंच आहे. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत चालला असेल तर एक मात्रा पाव सेकंदाची, म्हणजे तुमची अर्ध्या सेकंदाची गॅप म्हणजे सरळ दोन मात्रा. ऐकणाऱ्याच्या डोक्यात ताल चालूच असतो, तो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो आणि गाणं दोन मात्रा मागं राहिलेलं असतं. विलंबित एकतालात एक मात्राच चार-पाच सेकंदांची असू शकते, तिथं लयीला एवढं जाणवत नाही पण तानपुरा तुटलेला जाणवतोच. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत बसून बघा, जवारी लावणारा, म्हणजे तारांचा नाद जुळवणारा, माणूस घोडीवर कानस मारतो, तारेखाली दोरा सरकवतो, परत छेडून ऐकतो, तासन् तास. कशासाठी, तर एक तार विझायच्या आत दुसरीचा नाद तिच्यात मिसळावा आणि आवाज कुठं तुटू नये. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे त्या गावची खास वस्तू असल्याचा दाखला, मिळालं ते याच कामाला. बाबांचा कान बरोबर आहे, त्यांना सलगच ऐकवा.

तांत्रिक उत्तर मात्र दुसऱ्या कुणीतरी द्या, ते माझं काम नाही.

कृष्णाकाठ_ऑडिओ

मी देतो. गॅप दोन ठिकाणी तयार होते आणि लोक दोन्ही एकच समजतात, मग चुकीच्या गोष्टीवर पैसे जातात.

पहिली जागा फाईल. एमपीथ्री आवाजाचे ठराविक मापाचे डबे करते, एका डब्यात ११५२ सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या बारीक नोंदी, सीडीच्या सेकंदाला ४४,१०० च्या हिशोबानं साधारण २६ मिलीसेकंद. गाणं काय बरोबर डब्याच्या काठावर संपत नाही, मग शेवटचा डबा शांततेनं भरून काढतात. सुरुवातीलाही आहेच, एमपीथ्री बनवणारा लेम नावाचा एन्कोडर पुढं ५७६ सॅम्पल जोडतो आणि वाजवताना फाईल उलगडणारा डीकोडर आणखी ५२९ नी उशीर करतो, मिळून ११०५, म्हणजे २५ मिलीसेकंद. लेम हे दोन्ही आकडे, पुढं किती जोडलं आणि मागं किती भरलं, फाईलच्या सुरुवातीच्या टॅगमध्ये लिहून ठेवतो. प्लेअरनं तो टॅग वाचून तेवढं कापलं तर गाणं सलग लागतं. स्वस्तातले बरेच प्लेअर वाचत नाहीत.

दुसरी जागा प्लेअर. एक फाईल संपली, मग तो पुढची शोधतो, कार्डवरून उघडतो, नाव आणि फोटो वाचतो, तोवर शांतता. चांगला प्लेअर पहिली संपायच्या आधीच दुसरी मेमरीत घेऊन ठेवतो.

आता तुमचा आकडा बघा. फाईलमुळं होणारी गॅप ५० मिलीसेकंदांच्या आसपास असते, तुम्ही अर्धा सेकंद म्हणताय, म्हणजे त्याच्या दहापट. दोष बहुतेक प्लेअरचाच आहे. पण अंदाजावर राहू नका, एक टेस्ट करा. तानपुऱ्याचं एक मिनिटाचं कुठलंही रेकॉर्डिंग घ्या, ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये मधोमध कापून दोन तुकडे करा, दोन्ही फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न गमावता लहान होणाऱ्या फाईलमध्ये, सेव्ह करा, तेच दोन्ही एमपीथ्रीमध्येही करा. फ्लॅकमध्ये सॅम्पलची नेमकी संख्या फाईलमध्येच असते, मागंपुढं काही भरलेलं नसतं. फ्लॅकमध्ये पण गॅप आली तर प्लेअर दोषी. फ्लॅक सलग वाजलं आणि एमपीथ्री तुटलं तर फाईलचा प्रश्न.

आणि हा त्रास नुसत्या स्वस्त मालाला होता असं नाही. आयपॉड २००१ ला आला पण सलग वाजवायची सोय त्यात सप्टेंबर २००६ ला आली, तोवर भारी पैसे मोजलेले लोक पण गॅप ऐकत होते.

साताऱ्याची_शुभा

मी आईच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेतल्या, नाट्यगीतं आणि घरच्या बैठकीचं रेकॉर्डिंग, तेव्हा हेच झालं होतं म्हणून लिहितेय. मी कॅसेटची एक बाजू एक फाईल असं न ठेवता बारा-बारा तुकडे केले आणि सीडी केली तर प्रत्येक तुकड्यानंतर दोन सेकंद शांत, आई म्हणाली बैठक संपली का. नंतर कळलं की सीडी लिहिताना ट्रॅक-ॲट-वन्स (एकेक ट्रॅक सुटा लिहिणं) ठेवलं की मधे दोन सेकंद पडतात, डिस्क-ॲट-वन्स (अख्खी सीडी सलग लिहिणं) ठेवायचं. दुसरं, तुकडे ५८८ सॅम्पलच्या पटीत कापायचे कारण सीडीची एक फ्रेम तेवढी असते, नाहीतर उरलेली जागा शून्यानं भरते आणि बारीकसा टिक येतो.

दादा, दुकानात केलेल्या एमपीथ्रीवर वेळ घालवू नका, सीडी घरात आहेत तर परत काढा. वेळ लागतो पण एकदाच लागतो.

विश्रामबाग_सांगली

कृष्णाकाठ, टेस्ट केली. फ्लॅकला पण गॅप आहे, एमपीथ्रीपेक्षा किंचित कमी पण आहेच. म्हणजे प्लेअरच. शुभाताई, सीडी आहेत सगळ्या, कपाटात नीट ठेवल्यात बाबांनी. मग आता प्लेअरच बदलू का?

कृष्णाकाठ_ऑडिओ

लगेच नको. जोडच राहिला नाही तर गॅप येणार कुठून? एक राग एक फाईल करा. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सीडी कॉपी करायच्या सॉफ्टवेअरनं सीडी फ्लॅकमध्ये काढा, मग फूबार२००० या कॉम्प्युटरवरच्या प्लेअरमध्ये त्या रागाचे दोन-तीन ट्रॅक सिलेक्ट करून कन्व्हर्टरमध्ये सगळे मिळून एकच फाईल असा पर्याय आहे तो निवडा. क्रम मात्र तपासा, उलटा लागला तर तराणा आधी येईल. तुमचा प्लेअर फ्लॅक वाजवतो हे टेस्टमध्ये कळलंच. जागेचं म्हणाल तर सीडीचा तासभराचा कच्चा आवाज ६३५ एमबी, फ्लॅकमध्ये साधारण निम्मा, साठ सीडी ३२ जीबीच्या कार्डात बसतील.

यात तोटा एकच, सरळ द्रुतवर उडी मारता येत नाही, फॉरवर्ड करत जावं लागतं. तेही पाहिजे असेल तर रॉकबॉक्स. हे फुकटातलं फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर बदलून घालायचं, आहे, २००१ पासून लोक स्वतः लिहितायत, ठराविक मॉडेलवरच चालतं, जुना सॅन्सा क्लिप प्लस, क्लिप झिप, जुने आयपॉड वगैरे. ते लेमचा टॅग वाचतं, पुढची फाईल आधीच घेऊन ठेवतं आणि क्यू शीट पण समजतं, म्हणजे फाईल एकच पण आत ट्रॅक दिसतात. हे प्लेअर आता जुनेच मिळतात, तेव्हा घ्यायच्या आधी बॅटरी बघून घ्या. नवा घेणार असाल तर दुकानात तानपुऱ्याचे ते दोन तुकडे कार्डात घालूनच जा आणि तिथंच लावून बघा, खोक्यावर काय लिहिलंय त्याच्यावर जाऊ नका.

कराडकर८८

क्रॉसफेडचं मी चुकीचं सांगितलं, तबलावाले काका बरोबर आहेत. काल एक बंदिश तशी लावून बघितली, ठेक्यावर ठेका पडतो. बंद केलं.

विश्रामबाग_सांगली

मंडळी, शनिवारी-रविवारी बसून चार सीडी काढल्या, एक राग एक फाईल. बाबांना काही सांगितलं नाही, रात्री नुसतं कार्ड बदलून ठेवलं. सोमवारी फिरून आले, चहा घेतला, पेपर वाचला, तरी काही बोलेनात, शेवटी मीच विचारलं आज गाणं कसं होतं. म्हणाले, अरे द्रुत कधी सुरू झालं कळलंच नाही, चालत चालत पार टोकापर्यंत गेलो होतो.

आता ५६ सीडी राहिल्यात. कृष्णाकाठ, एका सीडीवर ओरखडा आहे आणि तिसऱ्या ट्रॅकला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी तासभर अडकून बसतंय, त्याला काय करू ते सांगा.