सपोज आणि सपोज्ड टू मधे नेमका फरक काय? ऑफिसात फजिती झाली

मिहान_नाइटशिफ्ट
नमस्कार मंडळी, मी मराठी मीडियमचा, बारावीपर्यंत उमरेडला शिकलो, आता नागपूरला मिहानमधल्या एका ऑफिसात सपोर्टला आहे, क्लायंट बाहेरचा. परवा क्लायंटकडच्या मॅडमचा मेल आला, "यू वेअर सपोज्ड टू सेंड द रिपोर्ट ऑन फ्रायडे." आता सपोज म्हणजे समजा हे शाळेपासून डोक्यात फिट बसलेलं, समजा क्ष ही गायींची संख्या आहे, तसं. मला वाटलं मॅडम म्हणतायत समजा तू शुक्रवारी रिपोर्ट पाठवला असता, आणि पुढचं लिहायचं राहून गेलं असेल. मी आपलं नम्रपणे लिहिलं, "येस, आय सपोज."
दहा मिनिटात टीम लीडचा फोन, काय लिहिलंस हे, त्या भडकल्यात. म्हटलं सर मी तर होच म्हटलं. ते म्हणे हो असं म्हणतात का? रिपोर्ट खरंच गेला नव्हता, ती चूक माझीच, ते मान्य. पण भाषेत काय चुकलं ते कोणी सांगेना. गूगल केलं तर एकाच शब्दाचे पाचसहा अर्थ, कुठे अंदाज, कुठे नियम, कुठे विनंती. कोणी साध्या मराठीत सांगेल का?

तर्रीपोहा
भाऊ "येस आय सपोज" म्हणजे "हो, असंन बापा". आता तूच सांग, घरी बायकोनं विचारलं का दूध आणायचं ठरलं होतं ना, अन् तू सोफ्यावर पडल्या पडल्या म्हटलं "असंन बापा", तं काय होईन? तेच झालं तुयासंग.

शिकवणी_धरमपेठ
वरच्या भाऊंनी हसवलं पण अर्थ शंभर टक्के बरोबर सांगितला. मी स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते, दर बॅचमधे हा घोळ होतोच, त्यामुळे जरा लांब लिहिते.
या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असंच धरून चाला. नुसतं सपोज असतं तेव्हा अंदाज बोलणाऱ्याचा असतो. "आय सपोज ही इज ॲट होम", म्हणजे तो घरी असेल, मी काही जाऊन पाहिलं नाही. आणि कोणी काही विचारल्यावर "आय सपोज सो" म्हटलं तर त्यात एक नाखुशी येते, ठीक आहे बाबा, तुम्ही म्हणताय तर असेल. म्हणून तुमच्या मॅडमना ते उद्धट वाटलं.
मागे इज, वॉज, वेअर लागलं आणि पुढे टू आलं की मामला उलटा. आता अपेक्षा दुसऱ्याची आणि ती तुमच्या डोक्यावर ठेवलेली. कोणी ठेवली ते बहुतेक सांगतच नाहीत, नियम असेल, ठरलेलं असेल, साहेबांनी सांगितलं असेल. मराठीत यासाठी एक शब्द शोधत बसू नका, आपण ते क्रियापदाच्या रूपातच बोलून टाकतो. "मला दहाला पोचायचंय", "इथे गाडी लावायची नसते", "तू फोन करणार होतास". ही तिन्ही वाक्यं इंग्रजीत सपोज्ड टू ने सांगता येतात. दुसरं नीट बघा, "यू आर नॉट सपोज्ड टू पार्क हिअर" याचा अर्थ लावायची गरज नाही असा होत नाही, लावायची नसते असा होतो. दंड भरायची पाळी येते या गैरसमजात.
आणि वॉज किंवा वेअर आलं की त्यात एक न बोललेला "पण" असतो. मोर भवनहून बस साडेनवाला "वॉज सपोज्ड टू लीव्ह" म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, सुटली नाही, लोक घड्याळ बघत उभे आहेत. तुमच्या मॅडमच्या मेलमधे तो "पण" होता: शुक्रवारी पाठवायचा होतास, पण आला नाही. वाक्य अर्धवट नव्हतं हो, पूर्ण होतं आणि चांगलंच रागातलं होतं.

मिहान_नाइटशिफ्ट
बापरे. म्हणजे मला झापलं होतं आणि मी असेल बुवा म्हटलं 🤦 पण मग एक सांगा ताई, टीममधला पोरगा म्हणतो "दॅट सावजी प्लेस इज सपोज्ड टू बी द बेस्ट". यात कोणता नियम आणि काय ठरलंय?

इतवारीकर
ताई लिहीपर्यंत मी सांगतो, ते आपलं "म्हणे" आहे. "ते सावजी म्हणे लय भारी आहे." मी खाल्लं नाही, लोक म्हणतात, उद्या तिखटानं डोळ्यातून पाणी आलं तर मला पकडू नका. आपल्या भाषेत दोन अक्षरात होतं, त्यांना अख्खी गाडी जोडावी लागते.
अजून एक, ऑफिसात कोणाला काही मागायचं असेल तर "आय डोन्ट सपोज यू हॅव अ चार्जर" असं म्हणतात. ऐकायला उलटं वाटतं, पण आपणही तसंच मागतो ना, "चार्जर नसेलच ना तुझ्याकडे?" असं. नाही म्हणायची सोय आधीच करून द्यायची, म्हणजे समोरच्याला अवघड वाटत नाही.

शिकवणी_धरमपेठ
इतवारीकर, "म्हणे" उद्या क्लासमधे वापरणार, सांगून ठेवते 😄

तर्रीपोहा
अन् एक राहिलं. आपण नागपूरवाले सगळंच करून राहिलो, जाऊन राहिलो, समजून राहिलो. म्हणून "आय ॲम सपोजिंग" लिहू नको भाऊ, मी लिहिलं होतं एकदा इंटरव्ह्यूमधी. समोरचा हसून राहिला होता.

मिहान_नाइटशिफ्ट
थँक्यू सगळ्यांना. आता मॅडमना असं लिहितोय, चेक करा: "सॉरी, आय वॉज सपोज टू सेंड इट ऑन फ्रायडे."

शिकवणी_धरमपेठ
सपोज नंतरचा डी खाल्लात. बोलताना तो टू मधे विरघळतो, सगळे "सपोस्टू"च म्हणतात, त्यामुळे लिहिताना बरेच इंग्रजीवालेही चुकतात, पण मेलमधे डी पाहिजेच. आणि खरं सांगू का, माफी मागताना हे वापरूच नका. "पाठवायचं ठरलं होतं" एवढंच होतं त्यातून, चूक अंगावर घेतल्यासारखं वाटत नाही. "आय शुड हॅव सेंट इट ऑन फ्रायडे" लिहा, मी पाठवायलाच हवा होता. आणि खाली रिपोर्ट जोडा. बनलाय ना रिपोर्ट?

मिहान_नाइटशिफ्ट
बनवून राहिलो ताई.