दार कुठल्या बाजूला उघडतं, हाही कथेचाच विषय

घरगुती कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्याने जुन्या घरांच्या दुरुस्तीवर लिहिलं की दोन्ही अर्धवट राहतं, असं काही जण म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही.

अमेरिकन कादंबरीकार एडिथ व्हॉर्टनचं बघा. अमेरिकेतल्या न्यूपोर्टचं आपलं घर वास्तुरचनाकार ऑग्डेन कॉडमनकडून सुधारून घेतल्यावर १८९७ साली तिने त्याच्याच सोबतीने गृहसजावटीवर पुस्तक लिहिलं. कादंबऱ्या नंतरच्या. त्या सजावटीच्या पुस्तकात ती सांगते, दार खोलीत उघडावं आणि बिजागऱ्या अशा बाजूला असाव्यात की आत बसलेली माणसं आडोशाला राहतील. हे जिला दिसलं, तिलाच न्यूयॉर्कच्या घराण्यांमधली दबलेली भांडणं दिसली. तिच्या अशाच एका कादंबरीला १९२१ चं पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. कादंबरीसाठी ते मिळवणारी ती पहिली स्त्री.

कोकणातल्या आमच्या घरी दुरुस्तीत माजघराच्या दाराची बाजू बदलली गेली. आजी तांदूळ निवडायला बसायची तो कोपरा ओटीवरून थेट दिसायला लागला. ती काही बोलली नाही, फक्त सूप घेऊन मागच्या पडवीत बसायला लागली. पंधरा दिवसांनी आमच्या लक्षात आलं, तेव्हा सुताराला परत बोलावून दार फिरवून घेतलं.