धाकट्या भावासाठी निवासी संस्था निवडताना नेमके काय पाहावे?

रंकाळ्याकाठची (प्रश्नकर्ती)

माझा धाकटा भाऊ 43 वर्षांचा आहे. त्याला मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आहे आणि लहानपणापासून फिट्स येतात. गोळ्या वेळेवर असल्या तर वर्ष-वर्ष काही होत नाही, एखादी चुकली तर मात्र हमखास फिट येते. वडील गेल्यानंतर आईनेच त्याचे सगळे केले. आई आता 79 वर्षांची आहे; मागच्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात पडली आणि तेव्हापासून त्याला आंघोळ घालणे, दाढी करणे तिच्याने होत नाही. माझ्या घरी सासरे अंथरुणाला खिळून आहेत, त्यामुळे भावाला कायमचे इकडे आणणे मला शक्य नाही. हे लिहिताना अपराधी वाटते, पण वस्तुस्थिती ही आहे.

चार महिन्यांत मी तीन संस्था पाहिल्या. पहिल्या ठिकाणी बाग, झोपाळे, आमच्यासाठी म्हटलेले स्वागतगीत असे सर्व काही होते. झोपण्याच्या खोल्या दाखवा म्हटल्यावर मात्र 'वर साफसफाई चालू आहे' असे उत्तर मिळाले. दुसऱ्या संस्थेची अट अशी की पहिले तीन महिने ना भेट, ना फोन, कारण त्यामुळे 'मूल लवकर रुळते'. तिथे पन्नाशीच्या माणसालाही सगळे 'मूल'च म्हणत होते. तिसरी संस्था एका जुन्या घरात आहे, भिंतींना ओल आहे, परंतु तिथले एक गृहस्थ माझा हात धरून मला स्वतःचा पलंग आणि स्वतःची पत्र्याची पेटी दाखवायला घेऊन गेले आणि त्यांना कोणी अडवले नाही. शुल्क तिन्हीकडे जवळपास सारखेच आहे. चांगली संस्था कशावरून ओळखावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

फळा_आणि_खडू

ताई, मी विशेष शिक्षिका म्हणून 27 वर्षे काम केले आणि त्यातली 11 वर्षे निवासी कार्यशाळेत काढली. आपण पाहिलेल्या तीन गोष्टींपैकी सर्वांत मोलाची ती पत्र्याची पेटी आहे. अनेक संस्थांत कपडे धुऊन एका ढिगात पडतात आणि ज्याच्या अंगात जे बसेल ते त्याला चढवले जाते. अशा ठिकाणी माणसाला स्वतःची अशी एकही वस्तू उरत नाही. त्यामुळे मी पाहुणी म्हणून कुठे गेले की आधी कपाटे पाहते, मग संडासाला दार आणि आतून कडी आहे का ते पाहते, आणि कार्यालयात सर्वांत शेवटी जाते.

भेटीची वेळ सकाळी अकराची नको, कारण त्या वेळी सगळेच चांगले दिसते. शक्य झाल्यास संध्याकाळी सातला, जेवणाच्या सुमारास जा. किती जणांना भरवावे लागते, भरवणारी मावशी बसून भरवते की उभ्याने घास कोंबते, ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांचा भात वेगळा कालवला जातो का, हे पाहा. बौद्धिक अक्षमता असलेल्या, विशेषतः नीट बसता न येणाऱ्या व्यक्तींच्या श्वासनलिकेत अन्न जाऊन न्यूमोनिया होतो, आणि घाईघाईने भरवणे हे त्याचे एक साधे, टाळता येण्याजोगे कारण आहे. रात्री किती माणसे जागी असतात, हेही विचारा. 'आमचा वॉचमन असतो' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. आपल्या भावाला रात्री दोन वाजता फिट आली तर ती कोणाला कळेल, त्याला कुशीवर कोण वळवील, किती मिनिटे गेल्यावर डॉक्टरांना फोन होईल आणि गाडी कोणाची असेल, हे प्रश्न संचालकांना न विचारता रात्रपाळीच्या मावशींना किंवा दादांना विचारावेत. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली तर तातडीची मदत लागते, हा हिशेब त्यांना माहीत असला तर संस्थेने शिकवले आहे असे समजावे.

औषधांची वही पाहायला मागा. प्रत्येक डोसासमोर देणाऱ्याची सही असते आणि न दिलेल्या डोसाचे कारण लिहिलेले असते. महिनाभराच्या सह्या एकाच शाईत, एकाच बैठकीत केल्यासारख्या दिसल्या तर समजून जावे. त्याहून नाजूक विषय शांत ठेवण्याच्या गोळ्यांचा आहे. ज्याला बोलता येत नाही तो दातदुखी, कानदुखी किंवा बद्धकोष्ठता ओरडून, डोके आपटूनच सांगतो. आणि माणसे कमी असली की त्या ओरडण्यावर गोळीचा उतारा शोधला जातो. दुपारी चारला दिवाणखान्यात सगळे डुलक्या घेताना दिसले तर तो शिस्तीचा परिणाम समजू नये. वजनाची नोंद दरमहा होते का, शेवटची दंततपासणी केव्हा झाली, डाउन सिंड्रोम असलेल्यांची थायरॉइडची तपासणी वेळोवेळी होते का, हेही त्याच ओघात विचारता येईल.

दिवसभराच्या कामाबद्दल सांगायचे तर पणत्या रंगवणे आणि कागदी पिशव्या करणे यात वाईट काही नाही, पण 43 वर्षांचा पुरुष घरी आईला कांदे निवडून देत असेल, दुधाची पिशवी आणत असेल, तर संस्थेत ते काम त्याच्याकडून काढून घेतले जाऊ नये. आम्ही शिक्षक मंडळी 'प्रशिक्षण' या शब्दाच्या इतके प्रेमात असतो की येणाऱ्या माणसाला आधीपासून काय येते, हे विचारायचेच विसरतो.

आईची_वही

माझी मुलगी नऊ वर्षांपासून एका संस्थेत आहे. तीन महिन्यांच्या अटीबद्दल सांगते. पहिले आठ-दहा दिवस रोज भेटायला गेले की निरोपाच्या वेळी रोज रडारड होते, हे खरे आहे. आमच्याकडेही ठरवून पहिला आठवडा आम्ही गेलो नव्हतो. परंतु फोनसुद्धा नाही, तोही तीन महिने, याचे समर्थन मी करू शकत नाही. मार, उपाशी ठेवणे, औषधांचा अतिरेक या सगळ्याच्या खुणा तीन महिन्यांत मिटतात. आधी महिन्यातून दोन-तीन दिवस, मग आठवडाभर असे राहायला पाठवून पाहण्याची सोय जी संस्था देते, तिच्याकडे माझा कल राहील. आईही धडधाकट असताना हे सुरू केले तर तिला तिकडच्या लोकांना त्याच्या सवयी सांगता येतात. मी स्वतः शंभर पानी वही लिहून दिली होती: ताप आला की ती कशी वागते, भूक लागली की कोणता आवाज काढते, कोणत्या गाण्यावर शांत होते. पहिल्या वर्षी ती वही मावश्यांनी अक्षरशः फाटेपर्यंत वापरली.

पालकांनी एकत्र येऊन उभारलेल्या जागाही पाहाव्यात. डोंबिवलीजवळ खोणी येथील 'घरकुल' हे अमेय पालक संघटनेने असेच उभारले. अशा ठिकाणी निर्णय घेणाऱ्यांची स्वतःची मुले तिथेच जेवतात, हा फरक मोठा आहे. अर्थात पालकही म्हातारे होतात; पुढची फळी कोण, हा प्रश्न तिथेही विचारावा.

कागदपत्रे_आधी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार अशा संस्थेला नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालता येत नाही आणि प्रमाणपत्राची प्रत दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. धर्मादाय आयुक्तांकडची न्यासाची नोंदणी किंवा आयकर सवलतीचे प्रमाणपत्र म्हणजे ही नोंदणी नव्हे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 मधील मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्टपणे वगळलेली आहे, त्यामुळे 'आमची मानसोपचार केंद्र म्हणून नोंदणी आहे' हेही उत्तर पुरेसे नाही.

दुसरा मुद्दा पालकत्वाचा. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खाली प्रौढ व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीला आहे. नोंदणीकृत संस्थाही पालकत्वासाठी अर्ज करू शकते, परंतु घरच्यांच्या संमतीने. प्रवेशाच्या कागदांच्या गठ्ठ्यात असे संमतिपत्र असेल तर वाचल्याशिवाय सही करू नये. माझा सल्ला, पालकत्व आपण स्वतःकडेच घ्यावे. पालकाला दरवर्षी मालमत्तेचा हिशेब द्यावा लागतो, आणि पालक हयगय किंवा अफरातफर करत असेल तर त्याला हटवण्यासाठी नातेवाइकांना त्याच समितीकडे जाता येते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते, तेही आत्ताच करून घ्यावे.

तरीही कागदावर विसंबू नये. 2010 साली ठाणे जिल्ह्यातील कवडासच्या बालगृहातील उपासमारीच्या बातम्यांची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढच्याच वर्षी कळंबोलीतील अशाच एका निवासी संस्थेतील मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले. बाहेरची माणसे आत जाऊन एकेकाशी बोलली, म्हणून ते कळले.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये अशाच एका घरात काळजीवाहक म्हणून काम करतो. इथे प्रत्येक घराचा तपासणी अहवाल कोणालाही वाचता येतो आणि घराला 'उत्कृष्ट'पासून 'अपुरे'पर्यंत चारपैकी एक श्रेणी मिळते. ही सोय आपल्याकडे यावी असे मनापासून वाटते, परंतु तिच्यावर भाबडा विश्वास नको. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या खासगी रुग्णालयात एका रुग्णासाठी आठवड्याला सरासरी 3500 पौंड आकारले जात. तिथल्या एका वरिष्ठ परिचारकाने तक्रार केली, ती तपासणी यंत्रणेपर्यंत पोहोचलीही, आणि काहीच झाले नाही. 2011 साली बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने मारहाण दाखवली, तेव्हा जग जागे झाले. 11 कर्मचाऱ्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांतले सहा तुरुंगात गेले. वरच्या शिक्षिकाबाईंनी गोळ्यांबद्दल लिहिले आहे ते इथेही तंतोतंत खरे आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना विनाकारण दिली जाणारी मनोविकाराची औषधे कमी करण्यासाठी 2016 पासून सरकारी आरोग्यसेवेची वेगळी मोहीमच चालू आहे.

एक सूचना: संस्थेत 'शेवटची तक्रार कोणती आली होती आणि तिचे काय केले?' असे विचारा. 'आमच्याकडे तक्रारच येत नाही' असे म्हणणाऱ्या घरात मी माझ्या माणसाला ठेवणार नाही.

रात्रपाळी

मी साताऱ्याकडच्या एका संस्थेत सहा वर्षे 'दादा' म्हणून होतो, आता नाही. वरचे सगळे पटते, पण आमची बाजू कोणी लिहिली नाही. रात्री 22 जणांमागे मी एकटा असे. त्यातल्या सहा जणांचे कपडे रात्रीतून दोनदा बदलावे लागत. सुट्टी मागितली की 'सेवा आहे ही' असे ऐकवले जाई. वहीत सह्या सकाळी एकदम केल्या आहेत, हे मी नाकारत नाही, कारण रात्री हात रिकामा नसे. म्हणून ताई, संस्थेला एवढे विचारा की सर्वांत जुना कर्मचारी किती वर्षांपासून आहे आणि गेल्या वर्षात किती जण सोडून गेले. जिथे माणसे टिकत नाहीत तिथे तुमच्या भावाची फिट येण्याआधीची नजर ओळखणारे कोणी राहत नाही.

राग येऊ नये म्हणून सांगतो, त्या 22 जणांपैकी नऊ जणांना भेटायला माझ्या काळात कोणीही आले नाही. ज्यांच्याकडे महिन्याला माणूस येतो, त्यांची नखे आधी कापली जातात. हे चूक आहे, पण असे होते.

फळा_आणि_खडू

रात्रपाळी यांनी प्रामाणिकपणे लिहिले याबद्दल आभार. 22 जणांमागे एक माणूस ही संचालकांची चूक आहे, त्यांची नव्हे. जोडून एवढेच सांगते की नातेवाईक नसलेल्यांचे भवितव्य हा वेगळाच गंभीर विषय आहे. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ दिव्यांग मुलांना आपले नाव देऊन सांभाळले, आणि वयाच्या 18 वर्षांनंतरही त्यांना त्याच घरात राहू द्यावे यासाठी ते वर्षानुवर्षे शासनाकडे मागणी करत आले आहेत. त्यावर वेगळा धागा काढू.

रंकाळ्याकाठची (प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी न कळवता तिसऱ्या संस्थेत गेले. पिठले-भात होता, दोघांना वेगळा मऊ कालवलेला. रात्री दोघे जागे असतात, त्यातले एक दादा 14 वर्षांपासून तिथे आहेत. फिट आल्यावर घड्याळ पाहायचे हे त्यांनी न विचारता सांगितले. नोंदणी प्रमाणपत्राची मुदत मात्र मार्चमध्ये संपलेली आहे आणि नूतनीकरणाचा अर्ज केल्याची पोच त्यांनी दाखवली. ही पोच पुरेशी मानावी की जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण अधिकाऱ्यांकडे जाऊन खात्री करावी, हे 'कागदपत्रे_आधी' यांनी सांगितल्यास बरे होईल. ओल गच्चीतून येते, डागडुजी दिवाळीनंतर करणार आहेत म्हणाले. पुढच्या महिन्यात भावाला तीन दिवस राहायला पाठवणार आहोत. आईने वही लिहायला घेतली आहे. तिला दिसत नाही म्हणून ती सांगते आणि मी लिहिते, आणि पहिली आठ पाने नुसती त्याच्या जेवणावरच झाली आहेत.