बिल्टीच्या छापील फॉर्मवर मजकूर चौकटीत बसूनच नाही राहिला

वाडीचा_पोट्टा
नमस्कार मंडळी, अमरावती रोडवर वाडीला मामांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, त्यांच्यासाठी पायथनमध्ये बिल्टीचा (माल पाठवल्याची पावती) छोटासा प्रोग्राम लिहिला. फॉर्म ए४ वर आधीच छापलेले आहेत, मला फक्त गाडी नंबर, माल, वजन, भाडं चौकटीत टाकायचं. पट्टी घेऊन एकेक चौकट मोजली, रिपोर्टलॅबनं (पायथनची पीडीएफ बनवायची लायब्ररी) पीडीएफ केली, स्क्रीनवर एकदम टकाटक. लेसरवर काढली तर वरचा बिल्टी नंबर ५ मिमी खाली. म्हणून सगळंच ५ मिमी वर सरकवलं, तर खालचं भाडं उडी मारून वजनाच्या चौकटीत. मामा म्हणे, १४,५०० किलो माल भरला का बे? प्रिंटर खराब आहे का?

धंतोली_कट्टा
प्रिंटर ठीक आहे भाऊ. ते सरकवणं आधी काढून टाक आणि जुनी प्रिंट पुन्हा मोज. वरचं ५ मिमी खाली, खालचं ५ मिमी वर आणि मधलं बरोबर असं येत असेल तर ती प्रिंटच्या खिडकीतल्या 'फिट'ची करामत. लेसर कागदाच्या कडेला ४-५ मिमी छापतच नाही, म्हणून पीडीएफ उघडणारा प्रोग्राम पानच बारीक करतो आणि मधोमध ठेवतो. ९६ टक्के झालं तरी २९७ मिमीच्या पानात जवळपास १२ मिमी गेले, सहा वरून सहा खालून. प्रिंटच्या खिडकीत 'ॲक्च्युअल साइज' कर आणि १०० मिमीची एक आडवी एक उभी रेघ छापून पट्टीनं मोज. रेघ १०० भरेपर्यंत कोऑर्डिनेटला (कोडातल्या चौकटींच्या मापांना) हात लावू नको, नाहीतर आयुष्यभर सरकवत बसशील.

इतवारी_डॉटमॅट्रिक्स
लेसरवर कार्बन कॉपी कशी काढून राहिला बे? आम्ही अजून २४ पिनच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवरच आहो. प्रिंटरला 'एस्केप डॉलर' हा हुकूम पाठवला की हेड डाव्या मार्जिनपासून आडवं नेमक्या जागी जातं, १/६० इंचाच्या मापात, आणि ओळीतलं अंतर एस्केप ३ नं १/१८० इंचात (९ पिनवर १/२१६). फक्त डेटा रॉ, म्हणजे जसाच्या तसा, पाठवायचा, विंडोजचा ड्रायव्हर मधात आला की सगळा खेळखंडोबा.

महालकर
मालाचं नाव मराठीत छापणार असशील तर रिपोर्टलॅबच्या साध्या ड्रॉस्ट्रिंगनं (मजकूर टाकायचा हुकूम) पाहून घे एकदा. माझ्याकडं 'किराणा'ची वेलांटी क च्या पुढं येऊन बसली होती, जोडाक्षरंही फुटली. मग एचटीएमएलमध्ये मिमीत जागा देऊन वीझीप्रिंटनं (एचटीएमएलची पीडीएफ करणारी लायब्ररी) पीडीएफ केली, ते अक्षरं नीट जोडतं.

वाडीचा_पोट्टा
कट्टा भाऊ, रेघ ९६ भरली!! 'ॲक्च्युअल साइज' केल्यावर बरोबर १००. आता सगळंच्या सगळं दीड मिमी डावीकडं येते, वर-खाली सारखंच, ट्रेचं गाइड ढिलं होतं ते कसलं तर अर्धा मिमी राहिलं. ते चालते का कोडात टाकू?

इतवारी भाऊ, तीन प्रती लेसरवरच काढतो, कार्बन बंद केला. मामाला कागदाचा खर्च अजून सांगितला नाही.

धंतोली_कट्टा
टाक, पण कोडात नको, सेटिंगच्या फाइलमध्ये एक्स आणि वाय वेगळे ठेव. उद्या मामानं दुसरा प्रिंटर आणला की आकडा बदलते.